तक्त्यावरची आठवी ओळ

शनिवारी सकाळी चिमटी फक्त एक कागद टाचायला गेली होती. चार टाचण्या, एक कागद, आणि चष्म्याच्या दुकानातल्या बाकावरचा बोर्ड. यात घाबरण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पण जे झालं ते त्या कागदापासून झालं, म्हणून आधी कागदाचंच ऐका.

दुकान तिच्या आत्याचं. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे कुरकुरणारा जिना. चिमटीचे आईवडील कामासाठी लांबच्या देशात. महिन्यातून दोनदा फोनवर दिसायचे, तेही निम्मा वेळ अडकलेले, तोंड उघडं ठेवून. बाकी तिचं जे काय होतं ते आत्याच. नववीत दोनदा आपटल्यावर शाळेने तिचा नाद सोडला आणि तिने शाळेचा. आत्या म्हणाली, "घरी बसून माझं डोकं खाण्यापेक्षा दुकानात बसून गिऱ्हाइकांचं खा."

आणि खायची ती. चिमटी हे नाव तिला काय लाडाने नव्हतं पडलं. मागच्याच आठवड्यात तिने तपासणीच्या सगळ्या भिंगांना व्हॅसलिन फासून ठेवलं होतं, आणि आत्याने सकाळपासून तीन धडधाकट माणसांना सांगितलं की तुमचा नंबर फारच वाढलाय. तिसरा तर खाली बसला बिचारा. तेव्हापासून आत्या येताजाता म्हणायची, "थांब कार्टे, तुझी पाळी येईल."

काच घासून फ्रेममध्ये बसवायला अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक कंटाळून जांभया देतं, म्हणून आत्याने ही टूम काढलेली. इंटरनेटवर सापडलेल्या पाच नवलाच्या गोष्टी, दर शनिवारी बोर्डावर. चार खऱ्या, एक खोटी. खोटी ओळखली की चष्मा पुसायचं मऊ फडकं फुकट. चार खऱ्या आत्या शोधायची, दोनदोन ठिकाणी पडताळून. खोटी रचायचं खातं चिमटीकडे. एका फडक्यासाठी मोठीमोठी माणसं बाकावर भांडायची. ज्यांचे चष्मे आठवड्यापूर्वीच तयार झालेत तेसुद्धा उगाच येऊन वाचून जायचे.

नियम एकच. डोळ्यांबद्दल खोटं लिहायचं नाही. कारण मागे चिमटीने लिहिलं होतं की डोळ्यात लिंबू पिळलं की नंबर उतरतो, आणि एका आजोबांनी बाकीच्या चार वाचायच्या आधीच घरी जाऊन पिळलं.

पण या शुक्रवारी तिला काही सुचतच नव्हतं. संध्याकाळ होत आली. काच घासायचं मशीन घूंऽऽ करत होतं, ओल्या काचेच्या चुऱ्याचा तो खडूसारखा वास पसरला होता. आत्याच्या चार गोष्टी तयार होत्या. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. वॉम्बॅट नावाचा गुबगुबीत प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो. शार्क मासे झाडांच्याही आधीपासून पृथ्वीवर आहेत. आणि चौथी अशी, की आपलं नाक आपल्याला सतत दिसत असतं, पण रोजचंच म्हणून मेंदू ते गाळून टाकतो.

चिमटीने एक डोळा मिटून नाक बघितलं. होतं खरंच. मग तिची नजर तपासणीच्या खोलीकडे गेली. दार अर्धं उघडं, आत भर दिवसाही असतो तसा अंधार. आणि तिने खरडून टाकलं:

"एका दुकानातल्या तपासणीच्या तक्त्यावर सात ओळींच्या खाली आठवी ओळ आहे. ती सगळ्यांना दिसत नाही. जो ती वाचतो त्याचा मेंदू एक माणूस गाळून टाकतो. रोज सगळ्यात जास्त डोळ्यांसमोर असणारं माणूस. ते समोर उभं राहून ओरडलं तरी मग दिसत नाही आणि ऐकू येत नाही."

नियम मोडला, हे तिला कळत होतं. पण सहा वाजले होते आणि तिला भूक लागली होती.

शनिवारी बाकावर नेहमीची गर्दी. बस चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तीन हृदयं? हे खोटं. आपल्याला एक सांभाळताना नाकी नऊ येतात."

"चौकोनी लेंड्या खोटं," पाववाला म्हणाला. "त्रास होत नसेल का हो त्याला?"

"तुमच्या पावापेक्षा मऊच असतील."

दोन वाजेपर्यंत अकरा जणांनी अंदाज केला. आठव्या ओळीला कोणी हातही लावला नाही. ती खोटी असेल असं एकालाही वाटलं नाही. चिमटी आधी खूश झाली, मग जरा विचित्र वाटलं तिला.

जेवणाच्या वेळेला दुकान रिकामं झालं आणि आत्याने पहिल्यांदा कागद वाचला.

"हे काय आहे?"

"नवल."

"नियम काय आहे आपला?"

"लिंबाबद्दल होता ना तो?"

कोपऱ्यातल्या टेबलावर स्क्रूकाका फिस्सकन हसले. स्क्रूकाका म्हणजे फ्रेमा जोडणारे काका. वीस वर्षं इथेच बसून डाळीएवढाले स्क्रू पिळत आलेले, म्हणून ते नाव. "ताई, पोरीने लिहिलंय मात्र झकास. मला तर खरंच वाटलं."

"तोच तर घोळ आहे. उद्या कोणी तपासायला बसणारच नाही." आत्या काउंटरवरच्या संगणकाशी गेली. "थांब, शोधून दाखवते, असलं काही कुठेही नाही. मग हा कागद फाड आणि नवीन लिही."

तिने टाइप केलं. एक पान उघडलं.

जुनाट पान होतं ते. वर्षानुवर्षं कोणी न झाडलेल्या माळ्यासारखं. वर एका तक्त्याचा धुरकट फोटो, आणि खाली चिमटीचीच वाक्यं. 'समोर उभं राहून ओरडलं तरी', अगदी तस्सं. तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

"म्हणजे चोरलंस," आत्या म्हणाली.

"नाही गं. काल रचलं मी. इथे बसून."

"नऊ वर्षांपूर्वी तू सात वर्षांची होतीस."

"तेच तर म्हणतेय मी..."

खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. एकाने लिहिलेलं, थापा आहेत. एकीने लिहिलेलं, माझे वडील रोज माझ्या खोलीबाहेर उभं राहून मला हाका मारतात, मी ओ देते ती त्यांना ऐकूच येत नाही. आणि सगळ्यात शेवटी एकाने विचारलं होतं: 'मी वाचलीय ती ओळ. पण मला कोण दिसेनासं झालंय, हे मला कळणार कसं?' त्याला कोणी उत्तर दिलं नव्हतं.

आत्याने ते परत एकदा वाचलं. मग उठली. "चल. आपल्याच तक्त्यावर बघू. उगाच मनात किडा नको."

तपासणीची खोली बुटकी आणि अरुंद. एवढ्याशा खोलीत तक्ता लांब ठेवायला जागा कुठली? म्हणून तक्ता खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, अक्षरं उलटी छापलेला. समोर आरसा. माणूस खुर्चीत बसून आरशात बघतं, तेव्हा अक्षरं सुलट दिसतात आणि खोली दुप्पट लांब. आत बंद पडद्यांचा आणि स्पिरिटचा वास. चिमटीने तक्त्यावरचा दिवा लावला, दार लोटलं.

आत्या खुर्चीत बसली. आपलाच चष्मा नीट केला आणि एकेक ओळ पुटपुटत खाली आली. "पाच... सहा... सात." थांबली.

"संपलं ना?" चिमटीने विचारलं.

आत्या पुढे झुकली. "अगं..."

"काय?"

"आहे की."

चिमटीने वळून तक्त्याकडे बघितलं. सात ओळी. बोट लावून मोजल्या. सात. खाली नुसता पांढरा कागद. मागून आत्याचा आवाज येत होता, अगदी हळू, लहान पोर पहिल्यांदा वाचतं तसा. एक अक्षर... दुसरं... तिसरं. मग आवाज थांबला.

"आत्या, मस्करी करतेस ना?"

आत्या उठली. दिवा बंद केला. चिमटी आत अंधारात उभी असताना दार ओढून घेऊन बाहेर निघून गेली.

घ्या. चिमटीला वाटलं, आली आपली पाळी. व्हॅसलिनचं उट्टं काढतेय. बाहेर येऊन ती म्हणाली, "छान जमलं. दहापैकी सहा."

आत्या काउंटर पुसत होती. "काका, चिमटी कुठे गेली?"

स्क्रूकाकांनी वर न बघता म्हटलं, "ही काय, तुमच्याशेजारी."

"कुठे?"

"ही काय ही. डोक्यावर उभी राहू का आता मी?" चिमटी म्हणाली.

आत्याने स्क्रूकाकांकडे बघितलं. "तुम्हीपण सामील का तिच्यात? या वयात?"

"मी कशाला सामील होऊ," स्क्रूकाका म्हणाले आणि चिमटीकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले. म्हणजे त्यांना वाटलं, आत्या चिमटीची फिरकी घेतेय. चिमटीला वाटलं, दोघं मिळून तिची घेतायत. आत्याला वाटलं, हे दोघं मिळून आपली घेतायत. कोण कोणाची घेतंय, कोणालाच पत्ता नाही.

चिमटी इरेला पेटली. आत्याच्या कानाशी जाऊन कोंबड्यासारखी आरवली. काही नाही. आत्याच्या नाकावरचा चष्मा उचलून घेतला. आत्या दचकली, खाली वाकून फरशीवर चाचपायला लागली. "पडला वाटतं..." चिमटीने चष्मा काउंटरवर ठेवला, तेव्हा तिला तो दिसला.

मग चिमटीने सरळ आत्याच्या डोळ्यांसमोरून हात नेला. सप्पकन, अगदी बोटभर अंतरावरून. आता असं बघा, समोरून काही आलं की पापणी लवतेच. भल्याभल्यांना ती धरून ठेवता येत नाही. आत्यानेच शिकवलं होतं तिला हे, खोटं आंधळेपण सांगणारा कसा ओळखायचा ते.

आत्याची पापणी लवली नाही.

चिमटीने परत हात नेला. परत.

स्क्रूकाकांच्या हातातला पेचकस खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"काका," चिमटी म्हणाली, "मी तुम्हाला दिसतेय ना?"

"दिसतेयस."

"मग तिला सांगा ना..."

"ताई," स्क्रूकाका उठून उभे राहिले, "मस्करी पुरे आता. पोर घाबरलीय."

"कुठली पोर? तेच विचारतेय मी कधीची." आत्याचा आवाज चढला होता आणि त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं. ती जिन्याशी गेली. "चिमटे? वर आहेस का?" जिना कुरकुरला. वरच्या दोन खोल्यांत फिरल्याचा आवाज आला, कपाट उघडल्याचा, न्हाणीघराची कडी. मग ती खाली आली, रस्त्यावर गेली, पाववाल्याला विचारून आली. चांगले दोन-अडीच तास हेच. चिमटी तिच्या मागे मागे, पदर धरून चालणाऱ्या पोरासारखी. एकदा तिने आत्याचा हात घट्ट धरला. आत्याने तो हात झटकला आणि दुसऱ्या हाताने चोळत बसली. "मुंग्या येतायत नुसत्या," ती स्वतःशीच म्हणाली.

चिमटीने फोन काढला आणि लिहिलं: मी तुझ्यासमोर उभी आहे.

काउंटरवर आत्याचा फोन वाजला. ती धावली. वाचलं. चारी बाजूंना बघितलं. चिमटीच्या चेहऱ्यावरून तिची नजर अशी गेली, जशी आपली भिंतीवरून जाते.

उत्तर आलं: पुरे झालं बाळा. मी हरले. बाहेर ये.

आत्याने तिला कधी बाळा म्हटलं नव्हतं. निदान लिहून तरी नाहीच.

चिमटीने लिहिलं: खरंच समोर आहे. तू ती ओळ वाचलीस म्हणून.

आत्याने ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. स्टुलावर बसली. थोड्या वेळाने फोन परत उचलला आणि दूरदेशी भावाला लावला. "अरे... नाही, ठीक आहे सगळं. नाही, ठीक नाहीये. पोरगी सापडत नाहीये मला." बोलताबोलता ती काउंटरखाली, टेबलाखाली वाकून बघत होती. चिमटी दोन फुटांवर उभी राहून ते बघत होती. आपल्याला शोधताना आपलं माणूस कसं दिसतं, हे बघायची वेळ कोणावर येऊ नये.

"काका, काय करू मी?"

स्क्रूकाका बोर्डापाशी उभे राहून कागद वाचत होते. "उतारा काय याच्यावर?"

"म्हणजे?"

"म्हणजे माणूस परत दिसायला काय करायचं? ते लिहिलंच नाहीस तू."

"खोटं होतं हो ते. त्याला कसला उतारा लिहायचा?"

"तुझं लिहिलेलं होतंय ना खरं? मग लिही पुढचं." ते आवाज खाली आणून म्हणाले, "पण पोरी, नीट डोकं लावून लिही..."

डोकं लावायला वेळ कुठे होता? फोनवर आत्या आता पोलिसांचं काहीतरी बोलत होती. चिमटीने पेन घेतलं, कागद तसाच बोर्डावर ठेवून पाचव्या गोष्टीखाली लिहिलं: 'जे माणूस दिसेनासं झालं असेल, त्याने स्वतः त्याच खुर्चीत बसून तीच ओळ वाचली, की ते परत दिसायला लागतं.'

लिहून झालं तेव्हा तिचे हात घामाने ओले होते. शाई पसरली.

ती आत गेली. दिवा लावला. दार लोटलं. खुर्चीचं रेक्झीन अजून कोमट होतं. आरशात तिचा चेहरा, त्याच्या मागे तक्ता, त्याच्यावर पिवळा दिवा. तिने मोजायला सुरुवात केली. एक... दोन... मोठमोठी अक्षरं, मग बारीक, मग मुंग्यांएवढी. सात. सातच्या खाली पांढरं.

आणि त्या पांढऱ्यात हळूहळू काहीतरी करडं उमटलं. श्वासाने काच धुरकटते ना, तसं. तिने डोळे बारीक केले. अक्षरंच होती. शब्द नव्हता कुठला, अर्थही नव्हता, नुसती अक्षरं. तिने ती वाचली. आवाज आपलाच आहे का हे तिला नीट कळेना. शेवटच्या अक्षरावर तिला अगदी क्षणभर वाटलं की आपण काहीतरी विसरतोय... पाणी ओंजळीतून जातं तसं. काय ते धरायला गेली, तर धरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दार उघडलं.

"इथे आहेस तू?"

आत्या दारात. नजर थेट चिमटीच्या डोळ्यांत. मग तिने काय केलं, तर आधी एक सणसणीत धपाटा घातला आणि मग इतकं घट्ट धरलं की चिमटीचा श्वास अडला. "तीन तास. तीन तास मी... मला काहीतरी झालं असतं म्हणजे?"

"मी समोरच होते गं."

"गप्प बस. एक अक्षर बोलू नकोस." पण सोडलं नाही तिला.

चिमटीने आत्याच्या खांद्यावरून बघितलं. स्क्रूकाका होते. रुमालाने कपाळ पुसत होते. तिला आत्या दिसत होती, काका दिसत होते. काचेपलीकडे पाववाला दिसत होता, त्याची सायकल दिसत होती. सगळे जागच्या जागी. तिला हसूच आलं. ओळ वाचूनसुद्धा तिचं काहीच बिघडलं नव्हतं. म्हणजे उतारा बरोबर लिहिला होता.

पाच वाजले होते. समोरच्या काचेतून तिरपं ऊन फ्रेमांच्या रांगांवर पडलं होतं. आत्याने भावाला फोन करून सापडली म्हणून सांगितलं, चार शिव्या त्यालाही दिल्या, आणि मागे जाऊन चहा ठेवला. ट्रे घेऊन आली. एक पेला स्क्रूकाकांच्या टेबलावर. एक स्वतःपुढे. एक चिमटीच्या हातात. आणि चौथा तिने बाकावर, चिमटीच्या अगदी शेजारी ठेवला.

"हा कोणाचा?" चिमटीने विचारलं.

आत्या थकून हसली. "आता त्याची घे फिरकी. जित्याजागत्या माणसाला पाच मिनिटं स्वस्थ बसू देऊ नकोस."

"कोणाची फिरकी?"

"सकाळपासून सावलीसारखा तुझ्या मागे आहे बिचारा," स्क्रूकाका म्हणाले, बाकाकडे बघत. "रोजचंच आहे म्हणा. तुझ्याशिवाय करमतं का त्याला?" मग ते थांबले. चिमटीच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग बोर्डावरच्या कागदाकडे. हातातला पेला त्यांनी टेबलावर ठेवून दिला.

"काका... कोण आहे इथे?"

काकांचं बोट नुसतं बाकाकडे गेलं.

"आत्या, आपण किती जण आहोत?"

"चिमटे." आत्याचं हसू गेलं होतं. तिने आवाज अगदी खाली आणला, जसा आपण कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून आणतो. "पुरे हं आता. तो कधीचा तुला हाक मारतोय. ओ दे त्याला."

चिमटीने आपल्या शेजारी बघितलं. बाक होता. भिंत होती. चहाच्या पेल्यातून वाफ सरळ वर जात होती. तिने खूप वेळ बघितलं. डोळे चोळून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. कोणीच नव्हतं, आणि कोणी नाही याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. तीच तर भीती होती. आत्याला ती दिसत नव्हती तरी आठवत होती. चिमटीला मात्र आठवून आठवून रडावं असं एकही नाव सापडत नव्हतं, सकाळपासूनच्या सगळ्या दिवसातही तो कुठेच नव्हता.

"रडतोय गं तो," आत्या कुजबुजली.

बाकावरच्या फिकट लाकडावर एक थेंब पडला. चिमटीने मान वर करून बघितलं. छत कोरडं होतं. दुसरा थेंब तिच्या मनगटावर पडला, आणि तो कोमट होता.